परदेशीं नांवनोंदणी करण्यापूर्वीं

विद्यापीठाचें प्रवेशपत्र आलें म्हणजे मूल परदेशीं पोंचलेंच, असें समजून पेढे वांटण्याची आपल्याकडे घाई होते. आमच्याही घरीं तेंच झालें. आमच्या पुतणीस जर्मनींतील एका विद्यापीठाचें पत्र आलें. देवापुढें साखर ठेवून झाली, आप्तेष्टांस कळवून झालें. मात्र पत्राच्या तळाशीं जर्मन भाषेंत छापलेली दोन ओळींची सूचना कोणीं वाचलीच नाहीं. ठराविक तारखेच्या आंत नांवनोंदणी न केल्यास प्रवेश रद्द समजावा, असा तिचा अर्थ. तो कळला तेव्हां हातीं अवघे आठ दिवस उरले होते! धांवपळ करून काम निभावलें; परंतु असा प्रसंग वाचकांवर येऊं नये, म्हणून हा लेखनप्रपंच.

जर्मनींतील बहुतेक सरकारी विद्यापीठें परदेशी विद्यार्थ्यांकडूनही शिक्षणशुल्क घेत नाहींत. दर सत्राची वर्गणी तेवढी भरावी लागते. बाडेन-व्युर्टेम्बर्ग प्रांतांत मात्र २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांस दर सत्रास १,५०० युरो पडतात, आणि खासगी संस्थांची गोष्ट तर निराळीच. शिवाय विद्या फुकट असली तरी अन्न फुकट नाहीं. व्हिसा मिळण्यासाठीं एका वर्षाच्या निर्वाहाची रक्कम ‘ब्लॉक्ड’ खात्यांत आगाऊ ठेवावी लागते. १ सप्टेंबर २०२४ पासून ती ११,९०४ युरो ठरविण्यांत आली, म्हणजे महिन्याकांठीं ९९२ युरो. फुकट शिक्षणाच्या गोष्टी ऐकून हुरळलेल्या वडील मंडळींनीं हा आकडा प्रथम पाहावा.

कामाचा क्रमही ध्यानांत ठेवावा. नोव्हेंबर २०२२ पासून दिल्ली येथील एपीएस केंद्राकडून आपलीं प्रमाणपत्रें पडताळून घेणें भारतीय विद्यार्थ्यांस आवश्यक झालें. हें काम सर्वांआधीं हातीं घ्यावें. नुसत्या बारावीच्या बळावर जाणारांस बहुधा पदवीपूर्वीं ‘स्टुडिएनकोलेग’मध्यें एक वर्षाची तयारी करावी लागते. हिवाळी सत्र ऑक्टोबरांत सुरू होतें; त्याच्या अर्जांची मुदत पुष्कळ ठिकाणीं १५ जुलैला संपते, कित्येक ठिकाणीं तर त्याच्याही कांहीं महिने आधीं. प्रवेश मिळाल्यावर शेवटची पायरी नांवनोंदणीची. तिला आरोग्यविम्याचा पुरावा आणि सत्राची वर्गणी हीं दोन्ही लागतात. त्यांवांचून प्रवेशपत्र हा केवळ कागदच होय. आमच्या घरीं अडलें होतें तें विम्याच्या पुराव्यावर.

आतां घरच्या संमतीविषयीं. १९२८ सालीं इरावतीबाई कर्वे बर्लिनला निघाल्या, तेव्हां स्त्रीशिक्षणासाठीं सारें आयुष्य वेंचलेल्या अण्णासाहेबांसही सुनेचें हें जाणें पसंत नव्हतें. परंतु पति दिनकरराव, ज्यांनीं स्वतः जर्मनींतच रसायनशास्त्राची डॉक्टरेट मिळविली होती, पाठीशीं उभे राहिले. खर्चासाठीं जीवराज मेहता यांजकडून कर्ज घेतलें, आणि दोन वर्षांनीं इरावतीबाई मानववंशशास्त्राची डॉक्टरेट मिळवून परतल्या. महाराष्ट्राला पुढें त्यांनीं काय दिलें, हें सांगावयास नकोच.

कर्ज काढूं नये, असें आमचें म्हणणें नाहीं. तें कोणीं, किती वर्षांत, कोणत्या उत्पन्नांतून फेडावयाचें, हें मात्र सर्वांनीं एकत्र बसून आधींच ठरवावें. आमच्या घरीं हा हिशेब प्रवेशपत्र आल्यावर झाला. वन्सं म्हणाल्या, “आठ दिवसांत नांव घालतां आलें नसतें, तर पोरीचें वर्ष गेलें असतें, आणि त्याचा बोल तिलाच लागला असता.” त्यावर कोणासच उत्तर सुचलें नाहीं. म्हणून आमचें सांगणें इतकेंच, कीं पेढे अवश्य वांटावे. पण पत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचून मग वांटावे.