सुट्टी टिपायची एकदाच

२००० साल तोंडावर आलं होतं आणि न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ इथल्या सार्वजनिक ग्रंथालयाची जुनी संगणकप्रणाली त्यापुढे चालणार नव्हती. त्या काळच्या अनेक प्रणालींत वर्षाचे शेवटचे दोनच आकडे साठवलेले असत. चूक एवढीशी, पण ‘वर्ष म्हणजे दोन आकडे’ हे गृहीतक प्रोग्रॅमच्या कानाकोपऱ्यात मुरलेलं, त्यामुळे दुरुस्तीला अंत नव्हता. ग्रंथालयाने कटिपो कम्युनिकेशन्स या कंपनीकडून नवी प्रणाली लिहून घेतली. जानेवारी २००० मध्ये ती सुरू झाली आणि पुढे सर्वांसाठी खुलीही झाली. तिचं नाव ‘कोहा’. माओरी भाषेत भेट.

असा गुंता होऊ नये म्हणून काय करावं, हे संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड पार्नास यांनी १९७२ मध्येच लिहिलं होतं. काम ज्या क्रमाने होतं त्या क्रमाने प्रोग्रॅमचे तुकडे पाडू नका. पुढेमागे काय बदलू शकेल ते हेरा, आणि असा एकेक निर्णय एकेका घटकाच्या पोटात ठेवा. इतरांनी त्या घटकाला फक्त विचारायचं. आत काय चाललंय ते त्यांना ठाऊक असण्याचं कारणच नाही. संगणकशास्त्रातल्या मोजक्या मोलाच्या विचारांत मी हा धरतो.

कोहातलं कॅलेंडर पाहा. पुस्तक देताना परतीची तारीख काढायची असते. उशीर झाला तर दंडाचे दिवस मोजायचे असतात. कुणासाठी राखून ठेवलेलं पुस्तक किती दिवस थांबवायचं, तेही ठरवायचं असतं. कामं तीन, पण ‘त्या दिवशी ग्रंथालय उघडं आहे का?’ हा प्रश्न तिन्हीकडे तोच. ग्रंथालयाने तशी सोय लावून दिली, की तिन्ही कामं याच कॅलेंडरला विचारतात.

पुस्तक किती दिवसांसाठी द्यायचं, हेही प्रोग्रॅममध्ये कोरलेलं नसतं. ते डेटाबेसच्या तक्त्यात असतं: सभासद कोणत्या प्रकारचा, साहित्य कोणतं, मुदत किती. प्राध्यापकांची मुदत वाढवायची तर ग्रंथपाल तिथला आकडा बदलतात. प्रोग्रॅमरला बोलवावं लागत नाही.

महाराष्ट्रातल्या अनेक महाविद्यालयांत आज पुस्तकांची देवघेव कोहावरच चालते. दिवाळीची सुट्टी कॅलेंडरमध्ये एकदा टिपून ठेवली, की त्यानंतर दिलेल्या पुस्तकाची त्या दिवसांत येणारी परतीची तारीख ग्रंथालय उघडेल त्या दिवसावर आपोआप सरकते.