तीव्र औषधजन्य त्वचाविकार आणि रुग्णसमाजाचा संशोधनातील वाटा
(जव्हार व मोखाडा तालुक्यांच्या संदर्भात)

औषधाने रोग बरा होतो, ही समजूत इतकी रूढ आहे की क्वचित औषधच रोगाचे कारण होते, ही गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. अशा औषधजन्य विकारांपैकी त्वचेचे काही विकार प्राणघातक असतात. त्यांच्या अभ्यासात एक विशेष अडचण आहे. औषध दिले जाते एका ठिकाणी, विकार प्रकट होतो बऱ्याच दिवसांनी दुसऱ्याच ठिकाणी, आणि या दोन घटना जोडून पाहू शकेल असा साक्षीदार बहुधा एकच असतो. तो म्हणजे स्वतः रुग्ण. म्हणूनच या क्षेत्रात रुग्णाचे सहकार्य ही संशोधनाची केवळ सोय नसून त्याची पूर्वअट आहे. पालघर जिल्ह्यातील जव्हार व मोखाडा हे आदिवासी तालुके डोळ्यांपुढे ठेवून या विधानाचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम विकारांचे स्वरूप पाहू. १९२२ साली अमेरिकेत स्टीव्हन्स व जॉन्सन या वैद्यकांनी ज्वर, तोंडातील दाह, डोळ्यांचा तीव्र विकार आणि अंगभर पुरळ अशी लक्षणे असलेल्या दोन मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. १९५६ साली स्कॉटलंडमधील ॲलन लायेल यांनी आणखी चार रुग्णांचे वर्णन केले. त्यांची त्वचा कढत पाण्याने भाजल्यासारखी सुटून आली होती. हे दोन्ही एकाच विकाराचे कमीअधिक तीव्र आविष्कार होत, असे आज मानले जाते. १९९३ च्या वर्गीकरणानुसार शरीराच्या पृष्ठभागापैकी १० टक्क्यांहून कमी भागावरील त्वचा सुटल्यास त्यास स्टीव्हन्स-जॉन्सन विकार आणि ३० टक्क्यांहून अधिक भागावरील सुटल्यास लायेल यांचा विकार म्हणतात. मधली अवस्था संमिश्र होय. पहिल्या प्रकारात दहांपैकी सुमारे एक, तर दुसऱ्यात तिघांपैकी सुमारे एक रुग्ण दगावतो. जे वाचतात त्यांच्यापैकी कित्येकांच्या डोळ्यांना कायमची इजा होते.

अपस्मारावरील कार्बामाझेपिन व फेनिटॉइन, वातरक्तावरील ॲलोप्युरिनॉल, सल्फा वर्गातील काही औषधे ही या विकारांची प्रमुख कारणे आहेत. उपचाराचे पहिले सूत्र म्हणजे कारणीभूत औषध ओळखून ते तत्काळ बंद करणे. शरीरातून लवकर बाहेर पडणारे औषध जितके आधी थांबेल तितका मृत्यूचा धोका कमी होतो, असे २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळून आले. परंतु औषध थांबविण्यासाठी ते कोणते, हे आधी कळले पाहिजे. कागदाच्या पुडीत बांधून दिलेल्या सुट्या गोळ्यांना नाव नसते. अशा वेळी रुग्णाची स्मृती हाच एकमेव पुरावा उरतो.

जव्हार-मोखाड्याच्या दृष्टीने यातील सर्वांत निकटचे उदाहरण डॅप्सोन या औषधाचे आहे. पालघर हा महाराष्ट्रातील कुष्ठरोगाचे नवे रुग्ण अधिक आढळणाऱ्या जिल्ह्यांपैकी एक आहे. कुष्ठरोगावरील बहुविध औषधोपचारात डॅप्सोन हे दीर्घकाळ प्रमुख औषध राहिले आहे. बहुसंख्य रुग्णांना ते सोसते. तथापि काहींच्या ठिकाणी त्याची अतिसंवेदी प्रतिक्रिया उमटते. ताप येतो, अंगावर पुरळ उठते, लसिकाग्रंथी सुजतात व यकृताला इजा होऊन कावीळ होते. ही प्रतिक्रिया स्टीव्हन्स-जॉन्सन विकाराहून वेगळी असली तरी त्याच कुळातील आहे. अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या २०१२ सालच्या एका लेखात तिचे प्रमाण १.४ टक्के आणि ती झालेल्यांतील मृत्यूंचे प्रमाण ९.९ टक्के दिले आहे.

या आकड्यांचा अर्थ नीट लक्षात घेतला पाहिजे. शंभर रुग्णांना औषध दिले तर एखाददुसऱ्यालाच ही प्रतिक्रिया होईल. म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रातील एखाद्या वैद्यकीय अधिकाऱ्याला त्याच्या सर्व कारकीर्दीत असा रुग्ण कदाचित एकदाच दिसेल, किंवा दिसणारही नाही. व्यक्तिगत अनुभवातून या विषयाचे ज्ञान साठणे म्हणूनच अशक्यप्राय होय. ते साठायचे असेल तर अनेक पाड्यांच्या व अनेक वर्षांच्या नोंदीतूनच साठेल.

दुसरी गोष्ट कालमानाची. ही प्रतिक्रिया बहुधा औषध सुरू केल्यापासून चार ते सहा आठवड्यांनी प्रकट होते. आता या तालुक्यांतील वर्षाचे चक्र पाहावे. भात व नागलीची कापणी आटोपली की वारली, कोकणा, कातकरी, ठाकूर समाजांतील अनेक कुटुंबे दिवाळीनंतर भिवंडी, वसई, कल्याण या बाजूंच्या वीटभट्ट्यांवर व बांधकामांवर जातात आणि पावसाळ्यापूर्वी परततात. दसऱ्याच्या सुमारास ज्याचा उपचार सुरू झाला, त्याचा धोक्याचा काळ दिवाळीनंतरच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत येतो. नेमक्या त्याच काळात तो गाव सोडून गेलेला असतो. गोळ्या देणारी आशा कार्यकर्ती मोखाड्याच्या पाड्यावर आणि ताप अंगात घेतलेला रुग्ण भिवंडीच्या भट्टीवर, अशी स्थिती होते. तेथील डॉक्टर तापाचे कारण हिवताप समजेल, पुरळ पाहून गोवर म्हणेल, कावीळ पाहून तिचाच उपचार करील. आणि रुग्ण डॅप्सोनची गोळी रोज घेतच राहील. गावी असलेल्या रुग्णाची वाटही सोपी नाही. जव्हारच्या पतंगशहा कुटीर रुग्णालयापर्यंत तो पोचला, तरी अतिदक्षतेच्या उपचारासाठी बहुधा नाशिक, ठाणे किंवा मुंबई गाठावी लागते.

हा धोका आधीच ओळखता येईल काय? या प्रश्नाचे उत्तर अलीकडच्या संशोधनाने बऱ्याच अंशी होकारार्थी दिले आहे. २०१३ साली चीनमधील संशोधकांनी असे दाखवून दिले की, एचएलए-बी*१३:०१ हा जनुकभेद ज्यांच्या ठिकाणी असतो त्यांना डॅप्सोनच्या प्रतिक्रियेचा धोका पुष्कळच अधिक असतो. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात कुष्ठरुग्णांची आधी रक्ततपासणी करून ज्यांच्यात हा भेद नव्हता अशा १,२५१ जणांनाच डॅप्सोन देण्यात आले. पूर्वानुभवाप्रमाणे त्यांच्यात सुमारे १३ प्रतिक्रिया अपेक्षित होत्या. प्रत्यक्षात एकही झाली नाही. भारतीयांत हा जनुकभेद १ ते १२ टक्के लोकांत आढळतो, असे २०१३ च्या लेखात नमूद आहे. १ आणि १२ यांतील अंतर मोठे आहे. तपासणी उपयुक्त व परवडणारी ठरेल की नाही, हे त्या त्या समाजातील प्रमाणावर अवलंबून असल्याने, वारली वा कोकणा समाजाच्या बाबतीत देशाची सरासरी पुरेशी नाही. मोजणी त्यांच्यातच व्हावयास हवी.

येथे सहकार्याचा नैतिक प्रश्न उपस्थित होतो. अमेरिकेतील हवासुपाई या आदिवासी जमातीचे रक्तनमुने १९९० नंतरच्या काळात मधुमेहाच्या संशोधनासाठी म्हणून घेण्यात आले. पुढे ते जमातीला न विचारता इतर विषयांच्या अभ्यासासाठी वापरले गेले. प्रकरण न्यायालयात गेले आणि २०१० साली विद्यापीठाला भरपाई देऊन नमुने परत करावे लागले. ज्याचे रक्त घ्यावयाचे त्याला ते कशासाठी घेतले, किती काळ ठेवणार आणि निष्कर्ष त्याच्यापर्यंत केव्हा येणार, हे पाड्याच्या बैठकीत त्याच्या बोलीत सांगितल्याविना घेतलेली संमती म्हणजे निव्वळ अंगठ्याचा ठसा होय.

रुग्णसमाज केवळ नमुने देणारा नसून निरीक्षकही होऊ शकतो, याला आधार आहे. अमेरिकेत १९९५ साली एका रुग्ण मुलीच्या आईने स्टीव्हन्स-जॉन्सन विकाराच्या रुग्णांसाठी संस्था स्थापन केली. आज अशा संस्थांचे प्रतिनिधी शास्त्रज्ञांच्या परिषदांत बसून संशोधनाचे प्रश्न ठरविण्यात भाग घेतात. महाराष्ट्रापुरते पाहिले तर गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातील स्त्रियांना शिकवून नवजात बालकांच्या आजाराची लक्षणे ओळखण्याचे, नोंदण्याचे व उपचाराचे काम त्यांच्यावर सोपविले. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्या गावांतील नवजात मृत्यू तिसऱ्या वर्षी सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झाले. विषय भिन्न असला तरी, अल्पशिक्षित ग्रामस्थाचे निरीक्षण शास्त्रीय कसोटीला उतरू शकते, हे यातून सिद्ध होते. भारताच्या औषधदक्षता कार्यक्रमात, जो २०१० साली सुरू झाला, रुग्णाने स्वतः भरावयाचे नमुनापत्र मराठीतही आहे. तथापि ते पाड्यावर पोचणे व तेथील बोलीत समजावले जाणे, हे काम माणसांनीच करावयाचे आहे.

या कामास आणखी एक निकड आहे. एखाद्या पाड्यावर गोळ्या घेणारा तरुण अंगाची साल निघून दगावला आणि त्याचे कारण कोणी सांगितले नाही, तर शेजारचे रुग्ण गोळ्या टाकून देतील. आणि लोकांच्या दृष्टीने ते वागणे मुळीच अविवेकी नसेल. याउलट, शंभरांत एखाद्यास असे होते, त्याची खूण ही, आणि ती दिसताच गोळी थांबवून दवाखान्यात यावयाचे, हे आधी सांगितले तर उरलेल्या नव्याण्णव जणांचा उपचारही टिकून राहील.

तेव्हा या तालुक्यांत अभ्यास करू इच्छिणाऱ्यांनी आपले वेळापत्रक विद्यापीठाच्या सत्रांवर न बेतता स्थलांतरावर बेतावे. दिवाळीपूर्वी प्रत्येक नव्या रुग्णाची भेट घ्यावी. गोळ्यांचे रिकामे पाकीट फेकू नये व भट्टीवरही जवळ बाळगावे, हे त्यास व त्याच्या घरच्यांस समजावावे. ताप व पुरळ ही दोन्ही एकत्र दिसल्यास ते पाकीट तेथील डॉक्टरांना दाखवावे आणि गावच्या आशा कार्यकर्तीस दूरध्वनीने कळवावे, असे ठरवून द्यावे. पावसाच्या तोंडाशी कुटुंबे परतली की त्यांच्याकडून मागील महिन्यांचा वृत्तांत घ्यावा. भगताकडे गेलेल्या रुग्णांचा वृत्तांतही त्यातून वगळू नये. अशा चार-पाच वर्षांच्या नोंदी जमल्या, तर रक्ततपासणीची आवश्यकता ठरविण्यास आधार मिळेल. तोपर्यंत भट्टीवर आजारी पडलेल्या एखाद्याचे प्राण त्या रिकाम्या पाकिटाने वाचले, तर तेही या संशोधनाचे फलितच समजावे.