वाडीची शाळा उद्या कशी असेल?

मागच्या आठवड्यात आमच्या गटाची बैठक शाळेच्या ओट्यावर भरली. हप्त्यांचा हिशेब झाला आणि इतके दिवस दबक्या आवाजात चाललेला विषय निघाला. आपल्या वाडीची शाळा राहणार की जाणार? पटावर 14 मुलं आहेत. म्हणून बियाण्याचा ठरलेला विषय बाजूला ठेवून आज शाळेबद्दलच बोलू.

आमच्या आज्यांच्या वेळी शाळा भरायची देवळाच्या ओवरीत, नाहीतर चावडीवर. मग कौलारू खोली आली. एक फळा, एक गुरुजी, चार वर्ग एकत्र. इमारत कशी असावी हे तेव्हा कोण विचारणार? तो हक्क 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने दिला. 1 एप्रिल 2010 पासून तो लागू आहे. ऊन-पावसात टिकणारी इमारत, शिक्षकामागे किमान एक वर्गखोली, मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी, पोषण आहार शिजवायला जागा, मैदान, अपंग मुलाला विनाअडथळा आत येता येईल अशी वाट. हे सगळं त्यात लिहिलेलं आहे. मुलींच्या संडासाचं आम्ही मुद्दाम पुन्हा सांगतो. दार आहे पण पाणी नाही, असं असलं की सातवीतली पोर महिन्यातले चार दिवस घरी बसते. मग तिची हजेरी कमी भरते आणि बोलणी तिलाच बसतात.

आता मोबाइलचं बघा. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड लावले. ठिपक्यांचा तो चौकोन मोबाइलने टिपला की कविता ऐकू येते, धड्याचा व्हिडिओ दिसतो. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही हे कोड आले. 2020 मध्ये गुरुजींना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. शाळा छोटी म्हणजे मागासलेली, असं म्हणणाऱ्यांना आम्ही हेच उदाहरण देतो.

पण त्याच वर्षी टाळेबंदीत आम्ही दुसरी बाजूही पाहिली. घरात मोबाइल एकच, तो सकाळी बापाबरोबर शेतात जायचा. संध्याकाळी परत आला की आधी भावाच्या हातात. बहिणीच्या वाट्याला यायचा तेव्हा बॅटरी संपलेली. (आमच्यापैकी किती जणींनी स्वतःच हा क्रम लावला होता, तेही आठवा.) धडा मोबाइलमध्ये आला तरी बसायला जागा, पाठीवर हात ठेवणारं माणूस आणि दुपारचं गरम जेवण शाळेतच मिळतं.

पट मात्र घटतोय. घरात मुलं कमी झाली, दिवाळीनंतर कुटुंबं ऊसतोडीला जातात, आणि इंग्रजी शाळेची गाडी फाट्यावर येऊन उभी राहते. 2023 मध्ये राज्य सरकारने 20 पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागवले. ही कल्पना आम्ही सरसकट वाईट म्हणत नाही. वर्गाला स्वतंत्र शिक्षक, प्रयोगशाळा, कबड्डीला पुरतील एवढे सवंगडी, हे 14 मुलांच्या शाळेत कुठून येणार? पण सहा वर्षांची पोर ओढा ओलांडून जाणार कशी? पाचवीपर्यंतची शाळा 1 किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची 3 किलोमीटरच्या आत असावी, असा नियम आहे. मोठ्या मुलींना एसटीचा मोफत पास मिळतो, पण ज्या रस्त्यावर एसटीच येत नाही तिथे पास काय कामाचा? म्हणून आमचं म्हणणं साधं आहे. आधी गाडी, मग समूह शाळा. ऊसतोडीच्या काळात मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची सोय असते. तीही आधी मागून ठेवायची.

हे मागायचं कुठे? शाळा व्यवस्थापन समितीत. तिच्यात 75 टक्के पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. पुष्कळ ठिकाणी बाईची फक्त सही असते, रजिस्टर घरी येतं. आमच्याकडेही दोन वर्षं तसंच चाललं होतं. या शनिवारी सभा आहे आणि आम्ही आठ जणी जाणार आहोत. पावसाळ्यात ओढ्याचं पाणी कुठवर चढतं त्याची खूण पुलाजवळच्या दगडावर आहे. तिचा फोटो काढून घेतलाय, तो आधी टेबलावर ठेवणार. बियाण्याचं पुढच्या बुधवारी सांगू.