डायरेक्टर झालीस? आधी जर्मन कायदा वाच!

‘अगं, मला डायरेक्टर करतायत! स्टुटगार्टच्या ऑफिसची!’

रात्री साडेअकराला मैत्रिणीचा फोन. वय अवघं एकोणतीस, पुण्यातली छोटीशी सॉफ्टवेअर कंपनी आणि आता थेट जर्मनी! मी ‘पार्टी कधी?’ विचारून मोकळी झाले. पार्टी झाली, पण तीन आठवड्यांनी. मधल्या काळात बाईसाहेब वकिलाच्या ऑफिसच्या चकरा मारत होत्या. कारण सर म्हणाले होते, ‘फक्त एक सही करायची. बाकीचं आपण इथून बघू.’

गोची नेमकी तिथेच आहे. जर्मनीत ‘इथून बघू’ चालत नाही.

सही कुणाची?

जर्मनीत कंपनी काढायची तर बहुतेक जण ‘गेएमबेहा’ काढतात. म्हणजे आपल्या प्रायव्हेट लिमिटेडची जर्मन बहीण. भांडवल किमान 25,000 युरो, त्यातले निम्मे नोंदणीआधीच भरायचे आणि सगळी कागदपत्रं नोटरीसमोर. ही कंपनी चालवणारा तो ‘गेशेफ्ट्सफ्युरर’. व्हिजिटिंग कार्डावर काय झकास दिसतं! पण कंपनीकडे देणी भागवायला पैसे उरले नाहीत, तर जास्तीत जास्त तीन आठवड्यांत कोर्टात दिवाळखोरीचा अर्ज करणं हे याच व्यक्तीचं काम. ‘पुण्याहून पैसे येतीलच, थांबू जरा’ म्हणत बसलात तर तो गुन्हा ठरतो. नुकसानभरपाई स्वतःच्या खिशातून आणि वेळ आली तर तुरुंगही. कर्मचाऱ्यांच्या पगारातून कापलेले सोशल सिक्युरिटीचे पैसे भरले नाहीत, तरी तेच. लिमिटेड असते ती कंपनी. तुम्ही नाही!

ऑफिसातलं प्रेम

‘आम्ही मोठे आहोत, आम्हाला काय होतंय?’ असं वाटत असेल तर वॉलमार्ट आठवा. हा अमेरिकन जायंट 1997 मध्ये जर्मनीत उतरला. दूध-लोणी स्वस्तात विकायला लागला, तर 2000 मध्ये तिथल्या कार्टेल ऑफिसने हटकलं, खरेदीच्या किमतीपेक्षा कमी दराने विकायचं नाही म्हणून! पुढे कर्मचाऱ्यांसाठी नियमावली आणली. त्यात ऑफिसातल्या प्रेमप्रकरणांवरही बंधनं. 2005 मध्ये डुसेलडॉर्फच्या कोर्टाने ती उडवून लावली. शिवाय असे नियम करताना ‘बेट्रीब्सराट’ला, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या निवडून आलेल्या समितीला, विचारावं लागतं. पाच कर्मचारी असले तरी अशी समिती निवडता येते. 2006 मध्ये वॉलमार्टने दुकानं विकून गाशा गुंडाळला. कारणं बरीच होती, पण ‘आमच्याकडे असंच करतात’ हा हट्ट त्यातलाच एक.

ऑनसाइटची गंमत

आपल्या आयटीवाल्यांची आवडती सवय म्हणजे इंजिनिअर क्लायंटच्या ऑफिसात बसवायचा. तो काम क्लायंटच्या मॅनेजरला विचारून करणार, रजाही त्यालाच मागणार. जर्मन कायद्याच्या नजरेत ही माणसं भाड्याने देणं झालं! त्याला लायसन्स लागतं, आणि युरोपियन आर्थिक क्षेत्राबाहेरच्या कंपनीला ते मिळत नाही. लायसन्सशिवाय केलंत तर दंड तुम्हालाही आणि क्लायंटलाही. वर तो इंजिनिअर क्लायंटचाच कर्मचारी ठरू शकतो.

आणि कुणाला कामावरून काढायचं असेल तर ईमेल, व्हॉट्सअ‍ॅप विसरा. कागदावर, पेनाने केलेली सही हवी, नाहीतर ती नोटीस रद्दबातल.

वेबसाइटही सुटत नाही

तिथल्या प्रत्येक व्यावसायिक वेबसाइटवर ‘इम्प्रेसुम’ हवं. म्हणजे कंपनीचं नाव, पत्ता, ईमेल, नोंदणी क्रमांक. ते नसेल तर 50,000 युरोपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय प्रतिस्पर्धी कंपनीच्या वकिलाचं पत्र येऊ शकतं. 2020 पर्यंत तर त्या वकिलाची फीसुद्धा बरेचदा चुकणाऱ्याच्याच माथी यायची!

डेटाच्या बाबतीत तर हे लोक फारच कडक. 2022 मध्ये म्युनिकच्या कोर्टाने एका वेबसाइटला 100 युरो भरपाई द्यायला लावली. गुन्हा काय? गुगलचे फॉन्ट वापरताना वाचकाचा आयपी अ‍ॅड्रेस परवानगीशिवाय गुगलकडे गेला! आणि 2020 मध्ये एच अँड एम या स्वीडिश ब्रँडला न्युरेम्बर्गच्या सेंटरमधल्या कर्मचाऱ्यांच्या आजारपणाच्या, घरगुती भानगडींच्या नोंदी ठेवल्याबद्दल तब्बल साडेतीन कोटी युरोंचा दंड झाला.

सहीआधी हे कराच

* कंपनीच्या बँक खात्याचे आकडे तुम्हाला रोज दिसले पाहिजेत.
* तिथला टॅक्स सल्लागार आणि कामगार कायद्याचा वकील पहिल्या दिवसापासून हवा.
* डायरेक्टरसाठीचा विमा कंपनीने काढावा. मात्र मुद्दाम केलेली चूक तो झाकत नाही.
* जर्मन येत नसेल तर भाषांतर हातात आल्याशिवाय पेन उघडू नका.

मैत्रिणीने सही केली, पण या चारही अटी लेखी घेऊन. सर जरा दुखावले. म्हणाले, ‘विश्वास नाही का आमच्यावर?’

ती हसून म्हणाली, ‘विश्वास आहे सर. पण आत मला जावं लागेल ना!’