विश्लेषण : माणूस सर्वांत सहज फसवतो तो स्वतःलाच! शास्त्रज्ञही त्याला अपवाद नाहीत, असे फाइनमन का म्हणत?

अणुबॉम्बचे संशोधन जिथे झाले, त्या अमेरिकेतील लॉस अलामोस प्रयोगशाळेत रिचर्ड फाइनमन या तरुण भौतिकशास्त्रज्ञाला एक छंद जडला होता : सहकाऱ्यांची आकड्यांच्या कुलपाची कपाटे उघडण्याचा. त्यात जादू नव्हती. कुणी कारखान्यातून आलेला आकडाच कायम ठेवलेला असे, कुणी सहज लक्षात राहील असा निवडलेला असे. एका सहकाऱ्याच्या कपाटाला त्यांनी २७-१८-२८ हा आकडा लावला आणि ते उघडले. गणितातील ‘ई’ या स्थिरांकाची किंमत २.७१८२८, हे तर बारावीचा विद्यार्थीही सांगेल!

त्यापुढचा किस्सा आणखी मासलेवाईक. कपाट उघडे ठेवून काम केले, तर त्याचा आकडा कसा काढता येतो, हे फाइनमन यांनी एका कर्नलसाहेबांना दाखवून दिले. साहेब आता सगळ्यांना कपाटे बंद ठेवायला सांगतील, अशी त्यांची अपेक्षा. प्रत्यक्षात फाइनमन तुमच्या खोलीत येऊन गेले असतील तर आकडा बदलून घ्या, अशी सूचना फिरली. साहेबांच्या लेखी धोका उघड्या कपाटाचा नव्हता, तो दाखवणाऱ्याचा होता. सरकारी कचेरीत खेटे घातलेल्यांना याचे फारसे नवल वाटणार नाही.

फाइनमन यांना १९६५ मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यांचे असे किस्से आजही चवीने सांगितले जातात. पण त्या गमतीमागचा मुद्दा गंभीर होता.

विमाने का उतरली नाहीत?

१९७४ मध्ये कॅलटेक या संस्थेच्या पदवीदान समारंभात फाइनमन यांनी पॅसिफिकमधील बेटांची गोष्ट सांगितली. महायुद्धात तिथे लष्करी विमाने उतरत आणि भरपूर माल येई. युद्ध संपले, विमाने थांबली. मग बेटवासीयांनी धावपट्टी आखली, कडेने जाळ पेटवले, लाकडी खोपटात डोक्यावर हेडफोनसारखे लाकडाचे तुकडे लावलेला माणूस बसवला. सगळे हुबेहूब, फक्त विमान येत नव्हते. बरेचसे संशोधनही असेच दिसायला विज्ञान असते, असा त्यांचा टोला होता. मग त्यात उणीव कशाची? आपले म्हणणे चुकीचे ठरवू शकेल अशी प्रत्येक गोष्ट स्वतःहून पुढे ठेवण्याची.

उदाहरण म्हणून त्यांनी निवडले रॉबर्ट मिलिकन यांना. मिलिकन यांनी तेलाचे सूक्ष्म थेंब विजेच्या दोन पट्ट्यांमध्ये तरंगत ठेवून इलेक्ट्रॉनचा विद्युतभार मोजला होता. प्रयोग अप्रतिम, १९२३ चे नोबेल त्यांनाच मिळाले. मात्र थेंबाचा आकार काढण्यासाठी हवेची श्यानता, म्हणजे हवा थेंबाला किती अडवते हे माहीत असावे लागते. तो आकडा किंचित चुकीचा घेतला गेल्याने उत्तरही एक टक्क्याहून कमी फरकाने चुकले.

खरी गंमत नंतरची. फाइनमन यांच्या सांगण्यानुसार, पुढच्या संशोधकाचे उत्तर मिलिकनपेक्षा जरासे जास्त आले, त्याच्या पुढच्याचे आणखी जरासे जास्त. योग्य आकडा एकदम का सापडला नाही? उत्तर फार वेगळे आले की संशोधक आपली चूक शोधत बसत. जवळपासचे आले, की शोध तिथेच थांबे. कुणीही खोटे बोलत नव्हते. नावडत्या उत्तराची झडती कसून आणि आवडत्याची वरवर, एवढाच काय तो फरक. विशेष म्हणजे याच कॅलटेकची धुरा मिलिकन यांनी दोन दशकांहून अधिक काळ सांभाळली होती!

बर्फाच्या पाण्याने काय सिद्ध केले?

२८ जानेवारी १९८६ रोजी ‘चॅलेंजर’ यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झाले. सात अंतराळवीरांचा मृत्यू झाला. चौकशी आयोगात फाइनमन होते. रॉकेटचे सांधे हवाबंद ठेवणाऱ्या रबरी ‘ओ-रिंग’वर संशय होता. कुकरच्या झाकणातील रिंगचे जे काम, तेच हिचे. उड्डाणाच्या सकाळी कडाक्याची थंडी होती. आदल्या रात्री अभियंत्यांनी इशाराही दिला होता. ११ फेब्रुवारीच्या सुनावणीत फाइनमन यांनी त्या रबराचा तुकडा क्लॅम्पमध्ये दाबून समोरच्या बर्फाच्या पाण्यात बुडवला. बाहेर काढून सोडला, तर तो लगेच पूर्ववत होईना. टीव्हीवर साऱ्या अमेरिकेने ते पाहिले.

त्यांनी अहवालाला जोडलेले परिशिष्ट मात्र याहून झोंबणारे आहे. आधीच्या एका उड्डाणात रिंग एक-तृतीयांश झिजली होती. त्यावरून नासाने तिप्पट सुरक्षितता असल्याचा निष्कर्ष काढला. फाइनमन यांनी पुलाचे उदाहरण दिले : ठरलेल्या वजनाखाली तुळईला एक-तृतीयांश खोल तडा गेला, तर पूल तिप्पट मजबूत ठरतो का? तडा जाणेच अपेक्षित नव्हते. यान गमावण्याची शक्यता व्यवस्थापक लाखात एक सांगत, तर अभियंते शंभरात एकच्या आसपास. लाखात एक म्हणजे ३०० वर्षे रोज यान सोडा आणि एकच गमवा. हे मत अहवालात येणार नसेल तर माझे नावही काढा, असे त्यांनी बजावले होते.

फाइनमन १९८८ मध्ये गेले. स्पेस शटलची एकूण १३५ उड्डाणे झाली आणि दोन याने गमावली. दुसरे १ फेब्रुवारी २००३ रोजी कोसळलेले ‘कोलंबिया’. त्यात कल्पना चावला होत्या. इंधनटाकीवरील फोमचा तुकडा उड्डाणावेळी पंखावर आदळला होता. तसे तुकडे आधीही निखळले होते आणि यान दर वेळी सुखरूप परतले होते. यान अवकाशात असताना पंखाची छायाचित्रे मिळवावीत, अशी अभियंत्यांची विनंती होती. ती मान्य झाली नाही.