एक इंजिन, दोन वायरी: इगतपुरीपासून जपानपर्यंत

आजचा विषय रेल्वेचा आहे, पण वेळापत्रकाचा नाही, फिजिक्सचा.

नागपूरहून मुंबईला रेल्वेने जाणाऱ्या जुन्या लोकांना विचारा, इगतपुरीला गाडी इतका वेळ का थांबायची? बहुतेक जण सांगतील, "घाट आहे ना पुढे." काही म्हणतील, "इंजिन बदलायचं." दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. पण भुसावळहून आलेलं विजेचं इंजिन काढून पुन्हा विजेचंच दुसरं इंजिन कशाला लावायचं? डोक्यावर वायर तर दोन्हीकडे होती!

वायर होती, पण तिच्यातली वीज वेगळी होती. भुसावळच्या बाजूला २५,००० व्होल्ट एसी आणि मुंबईच्या बाजूला १,५०० व्होल्ट डीसी. (इथे एसी म्हणजे अल्टरनेटिंग करंट, गारेगार डब्याचा एसी नव्हे!) एका विजेवर चालणारं इंजिन दुसऱ्या विजेवर हलतही नाही. मग दोन्हीवर चालणारं इंजिन बनवता येईल का? येतं. आपण बनवलं, जपाननेही बनवलं. पण त्याची एक किंमत मोजावी लागते. या लेखात ती किंमत नेमकी काय आहे ते बघू.

आधी डीसी का, मग एसी का?

भारतातली पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ ला मुंबईत व्हीटी ते कुर्ला अशी हार्बर मार्गावर धावली, १,५०० व्होल्ट डीसीवर. १९३० पर्यंत हीच वीज दोन्ही घाट चढून पुणे आणि इगतपुरीला पोचली होती. भोर घाट आणि थळ घाट, दोन्हीकडे चढ १:३७ चा, म्हणजे दर ३७ मीटरला एक मीटर वर. अशा ठिकाणी वाफेच्या इंजिनापेक्षा विजेचं इंजिन फार सरस ठरतं.

तेव्हा डीसीच का निवडली? कारण डीसी सिरीज मोटर हे रेल्वेसाठी जणू घडवलेलं यंत्र आहे. उभ्या अवस्थेतून निघताना तिचा जोर सगळ्यात जास्त असतो. वायरीतून डीसी घ्या, मोटरला द्या, झालं. एसी घेऊन इंजिनातच तिची डीसी करायची, तर त्यासाठी लागणारे चांगले रेक्टिफायर त्या काळात नव्हते.

पण डीसीची एक मोठी अडचण आहे. साधं गणित करू. समजा इंजिनाला ३,००० किलोवॅट शक्ती हवी आहे. शक्ती म्हणजे व्होल्टेज गुणिले करंट. १,५०० व्होल्टवर करंट लागतो २,००० अँपिअर. २५,००० व्होल्टवर लागतो फक्त १२० अँपिअर (पॉवर फॅक्टर सध्या बाजूला ठेवू). वायरीतली हानी करंटच्या वर्गाच्या पटीत वाढते. म्हणजे वायर तीच धरली, तर डीसीमध्ये हानी साधारण २७८ पट! म्हणूनच डीसी मार्गावर जाड तांब्याच्या वायरी लागतात आणि दर काही किलोमीटरवर एक सबस्टेशन लागतं. २५,००० व्होल्टवर सबस्टेशन कित्येक पट लांब अंतरावर चालतात आणि वायरही हलकी पुरते.

१९५० च्या दशकात फ्रान्सने हे तंत्र यशस्वी करून दाखवलं आणि १९५७ मध्ये भारतीय रेल्वेनेही ठरवलं की यापुढे २५,००० व्होल्ट एसी. निर्णय शास्त्रीयदृष्ट्या योग्यच होता. प्रश्न एकच उरला: मुंबईचं काय करायचं?

मुंबई एका रात्रीत का बदलली नाही?

मद्रासमध्येही १९३१ पासून १,५०० व्होल्ट डीसीवर लोकल धावत होती. मार्ग छोटा होता, १९६७ मध्ये तो एसी करून मोकळे झाले. मुंबईत मात्र रोज लाखो माणसं लोकलने जातात आणि सगळ्या लोकल डीसीच्या. वायरीतली वीज बदलायची म्हणजे सगळ्या गाड्या, सगळी सबस्टेशनं आणि सगळे इन्सुलेटर बदलायचे. सिग्नलसुद्धा! रुळांमधून जाणारा सिग्नलचा करंट हा गाडीच्या करंटपेक्षा वेगळ्या प्रकारचा ठेवावा लागतो, त्यामुळे डीसी मार्गावर एसी ट्रॅक सर्किट लागतात आणि एसी मार्गावर डीसी. शिवाय २५,००० व्होल्टच्या वायरीला आजूबाजूला जास्त मोकळी जागा लागते आणि मुंबईतले रुळांवरचे कित्येक जुने पूल बुटके.

म्हणून वायर बदलण्याऐवजी इंजिन बदललं. चित्तरंजनच्या कारखान्याने १९७५ पासून डब्ल्यूसीएएम-१ नावाची ५३ इंजिनं बांधली. नाव भयंकर वाटतं, पण फोड सोपी आहे: डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, सी म्हणजे डीसी, ए म्हणजे एसी, एम म्हणजे मिक्स्ड, मालगाडी आणि प्रवासी गाडी दोन्हींसाठी. ही पश्चिम रेल्वेवर आली. मुंबईहून निघायचं ते डीसीवर आणि विरारनंतर गाडी न थांबवता एसीवर जायचं. पुढे भेलने १९९० च्या दशकात पश्चिम रेल्वेसाठी डब्ल्यूसीएएम-२ आणि मध्य रेल्वेसाठी डब्ल्यूसीएएम-३ बांधली. खास मालगाड्यांसाठी डब्ल्यूसीएजी-१ आली. डेक्कन क्वीनसारख्या गाड्यांपुढे कल्याण शेडची डब्ल्यूसीएएम-३ अनेकांनी पाहिली असेल.

पोटात काय असतं?

एसीवर चालताना वीज आधी ट्रान्सफॉर्मरमध्ये जाते. तिथे २५,००० व्होल्टचे काहीशे व्होल्ट होतात, रेक्टिफायर त्यांची डीसी करतो आणि ती मोटरला मिळते. वेग वाढवायचा तर ट्रान्सफॉर्मरचा टॅप बदलायचा, म्हणजे जास्त फेऱ्यांवरून वीज घ्यायची. यात काही वाया जात नाही.

डीसीवर ट्रान्सफॉर्मर निरुपयोगी. १,५०० व्होल्ट सरळ आत येतात. थांबलेल्या मोटरला ते तसेच दिले तर करंट प्रचंड वाढून मोटर जळेल, कारण फिरणारी मोटर स्वतःच जे उलट व्होल्टेज तयार करते, ते अजून तयारच झालेलं नसतं. म्हणून मध्ये मोठे रेझिस्टन्स घालायचे आणि वेग वाढेल तसे एकेक काढत जायचे. मोटरी आधी एकापाठोपाठ एक जोडायच्या, नंतर समांतर. या रेझिस्टन्समध्ये वीज निव्वळ उष्णता होऊन जाते.

आता दोन्हीवर चालणारं इंजिन हवं असेल, तर हे दोन्ही संसार एकाच डब्यात मांडायचे. ट्रान्सफॉर्मर, रेक्टिफायर, टॅप चेंजर, शिवाय रेझिस्टन्स, डीसीचा वेगळा ब्रेकर आणि दोघांत अदलाबदल करणारा स्विच. आणि कुठल्याही क्षणी यातलं अर्धं सामान नुसतंच ओझं म्हणून फिरत असतं.

वीज बदलते त्या जागी वायरीत एक मृत तुकडा असतो, त्यात वीजच नसते. लोको पायलट आधी ब्रेकर उघडतो, गाडी वेगावर पुढे घरंगळते, स्विच दुसऱ्या बाजूला जातो आणि मग पुन्हा वीज घेतली जाते. इथे गफलत झाली तर? एसीसाठी तयार असलेल्या ट्रान्सफॉर्मरला डीसी मिळाली, तर तिला अडवणारा उरतो तो फक्त गुंडाळीचा किरकोळ रेझिस्टन्स. म्हणजे जवळपास शॉर्ट सर्किटच. उलट, १,५०० व्होल्टसाठी बनवलेल्या भागांवर २५,००० व्होल्ट आले तर इन्सुलेशनच्या चिंधड्या. म्हणून अशा इंजिनात संरक्षणाची साखळीही दुप्पट.

जपानचा तिढा: दोन नव्हे, तीन विजा

आता जरा पूर्वेला जाऊ. १८९० च्या दशकात टोकियोने जर्मन कंपनी एईजीकडून जनित्रं घेतली, ती ५० हर्ट्झची. ओसाकाने अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिककडून घेतली, ती ६० हर्ट्झची. सव्वाशे वर्षं झाली, जपान अजूनही पूर्वेला ५० आणि पश्चिमेला ६० हर्ट्झवर चालतो! रेल्वेत त्याच्या जोडीला १,५०० व्होल्ट डीसीचे जुने मार्गही आहेत. म्हणजे १,५०० डीसी, २०,००० एसी ५० हर्ट्झ आणि २०,००० एसी ६० हर्ट्झ. जपानच्या समुद्राकडच्या किनाऱ्याने जाणाऱ्या लांब मार्गावर एकाच प्रवासात तिन्ही भेटायच्या.

यासाठी जपानी राष्ट्रीय रेल्वेने १९६८ मध्ये ईएफ८१ हे इंजिन आणलं. मालगाडी आणि प्रवासी गाडी, दोन्हींसाठी. एकूण १६४ बांधली गेली. समुद्राखालच्या कानमोन बोगद्यासाठीची काही तर स्टेनलेस स्टीलची होती, खाऱ्या पाण्याने गंजू नयेत म्हणून.

तुम्हाला वाटेल, तीन प्रकार म्हणजे आपल्यापेक्षा फारच अवघड. तसं नाही! ५० आणि ६० मधला फरक सोपा आहे. ट्रान्सफॉर्मरचं सूत्र आठवा: व्होल्टेज = ४.४४ × फ्रिक्वेन्सी × फेऱ्या × गाभ्यातला चुंबकीय फ्लक्स. फ्रिक्वेन्सी कमी झाली की त्याच व्होल्टेजला फ्लक्स जास्त लागतो, म्हणजे गाभा जाड लागतो. ५० हर्ट्झसाठी पुरेसा गाभा केला की ६० ला तो आपोआप पुरतो. खरी दरी आहे ती एसी आणि डीसीमध्ये.

आणि आता सगळ्यात मजेशीर तुलना. डब्ल्यूसीएएम-१ ची शक्ती एसीवर ३,६४० अश्वशक्ती, डीसीवर २,९३०, म्हणजे साधारण ८० टक्के. ईएफ८१ ची शक्ती डीसीवर २,५५० किलोवॅट, एसीवर २,३७०, म्हणजे साधारण ९३ टक्के. अगदी उलट! कारण आपलं इंजिन डब्ल्यूएएम-४ या एसी इंजिनावरून बेतलेलं होतं, डीसी त्यात नंतर बसवली. जपानचं मुळात डीसी इंजिन, त्यात वजन आटोक्यात ठेवून ट्रान्सफॉर्मर बसवला. मी म्हटलं ती किंमत हीच. इंजिन दोन भाषा बोलतं खरं, पण त्यातली मातृभाषा एकच असते. दुसऱ्या भाषेत बोलताना ते थोडं अडखळतं.

जपान सगळीकडे एकच वीज का करत नाही? खर्च हे कारण आहेच, पण एका ठिकाणी विज्ञानच आडवं येतं. टोकियोच्या ईशान्येला काकिओका इथे भूचुंबकीय वेधशाळा आहे. डीसी गाडीचा करंट रुळांतून परतताना थोडा जमिनीत गळतो आणि त्याचं चुंबकीय क्षेत्र मोजमाप बिघडवतं. म्हणून त्या परिसरात एसीच ठेवावी लागते. हे वाचून आपल्याकडचं काही आठवलं? मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ मध्ये अलिबागला हलवली, ती याच कारणाने. आपण वेधशाळा हलवली, जपानने वीज बदलली!

मग आपण काय केलं?

शेवटी आपण वायरच बदलली. दोन्ही विजांवर चालणाऱ्या नव्या लोकल आल्यावर हे टप्प्याटप्प्याने शक्य झालं. पश्चिम रेल्वेचा चर्चगेट–विरार मार्ग फेब्रुवारी २०१२ मध्ये, सीएसटी–कल्याण जून २०१५ मध्ये आणि हार्बर मार्ग एप्रिल २०१६ मध्ये एसी झाला. १९२५ मध्ये डीसी जिथून सुरू झाली, त्याच हार्बर मार्गावर ९१ वर्षांनी ती संपली.

त्या दिवसापासून डब्ल्यूसीएएम इंजिनांमधली डीसीची सगळी यंत्रणा निकामी ओझं झाली. ही इंजिनं अपयशी ठरली असं याचा अर्थ नाही. एवढं मोठं शहर एक दिवसही न थांबवता एका विजेवरून दुसरीवर नेता आलं, त्यात चाळीस वर्षं या इंजिनांचा वाटा होता.

आजचं संशोधन कुठे आहे?

आमच्या बेसापासून जवळच असलेल्या अजनीच्या शेडमधली डब्ल्यूएजी-९ सारखी आजची इंजिनं वेगळ्या पद्धतीने चालतात. वायरीतून काहीही येवो, त्याची आधी इंजिनाच्या आत ठरावीक डीसी करायची आणि मग इन्व्हर्टरने हवी तशी तीन फेजची एसी बनवून मोटरला द्यायची. जपानचं ईएफ८१ नंतरचं ईएफ५१० हेही इन्व्हर्टरवरच चालतं. या रचनेत मोटरला वरची वायर कोणती हे कळतच नाही, त्यामुळे अनेक विजांवर चालणारं इंजिन बनवणं पूर्वीपेक्षा खूप सोपं झालं आहे.

उरतो तो जड ट्रान्सफॉर्मर. त्यावर उपाय पुन्हा त्याच ४.४४ च्या सूत्रात आहे: फ्रिक्वेन्सी वाढवा, गाभा लहान होईल. आधी इलेक्ट्रॉनिक्सने फ्रिक्वेन्सी काही हजार हर्ट्झपर्यंत न्यायची आणि मग छोटा ट्रान्सफॉर्मर वापरायचा. एबीबीने असा ट्रान्सफॉर्मर २०१२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये एका शंटिंग इंजिनावर प्रत्यक्ष चालवून दाखवला. अडचण अशी की अनेक सेमीकंडक्टर स्विच एकावर एक रचावे लागतात, आणि जितके भाग जास्त तितक्या बिघडण्याच्या जागाही जास्त. सिलिकॉन कार्बाइडचे जास्त व्होल्टेज सोसणारे स्विच आले तर ही रचना आटोपशीर होईल, म्हणून त्यावर जगभर काम चालू आहे.

थोडक्यात सांगायचं तर, पायाभूत सुविधेचा एक जुना निर्णय बदलायला शतक लागू शकतं आणि मधल्या काळात कुणाला तरी दोन्हीकडचं ओझं वाहावं लागतं. आपल्याकडे ते इंजिनांनी वाहिलं. आता इगतपुरीहून जाल तेव्हा वर बघा, घाटाच्या दोन्ही बाजूंना एकच वीज आहे. गाडी तरीही थांबलीच, तर कारण दुसरं असेल, वायरीला दोष देऊ नका!

प्रश्न असतील तर जरूर विचारा. पुढच्या लेखात सिलिकॉन कार्बाइडबद्दल सविस्तर बोलू.