वर्दळीच्या दिवसाची शांत पूर्वतयारी

बंगळुरूच्या यशवंतपूर भागात रेल्वे स्थानक, घाऊक बाजाराचे आवार आणि मार्च २०१४ मध्ये सुरू झालेले मेट्रो स्थानक आहे. त्यामुळे येथे भल्या सकाळपासून वर्दळ असते. ही गर्दी ओलांडून कार्यालय गाठणे आणि तेथे दिवसभर बैठका व भेटीगाठी पार पाडणे अंतर्मुख व्यक्तींना विशेष थकविणारे ठरते. आदल्या संध्याकाळच्या तयारीने हा ताण बराच हलका करता येतो.

स्विस मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंग यांनी १९२१ मध्ये अंतर्मुख आणि बहिर्मुख ही स्वभावांची विभागणी मांडली. लंडनचे मानसशास्त्रज्ञ हान्स आयसेंक यांच्या १९६७ च्या उपपत्तीनुसार अंतर्मुख व्यक्तींचा मेंदू मुळातच अधिक उत्तेजित असतो. त्यामुळे त्यांना गोंगाट लवकर नकोसा होतो. हा स्वभाव आहे, दोष नव्हे.

आदल्या रात्री उद्याची कामे कागदावर उतरवणे, ही पहिली उपयुक्त सवय. अमेरिकेतील बेलर विद्यापीठाच्या संशोधकांनी ५७ तरुणांवर केलेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. झोपण्यापूर्वी ५ मिनिटे पुढील कामांची यादी लिहिणाऱ्यांना, झालेल्या कामांची यादी लिहिणाऱ्यांपेक्षा सुमारे ९ मिनिटे लवकर झोप लागली. हा अभ्यास केवळ अंतर्मुखांचा नव्हता. मात्र रात्री मनातल्या मनात उद्याचे संवाद घोळवणाऱ्यांना तो मार्गदर्शक आहे.

दुसरी सवय ‘जर-तर’ निश्चयाची. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलवित्झर यांनी १९९९ मध्ये अशा निश्चयांची परिणामकारकता विशद केली. ‘बैठक संपली, तर दहा मिनिटे एकटे फिरून यायचे’ असे आधीच ठरवले, की ऐनवेळी विचार करावा लागत नाही. बैठकीत बोलायचे पहिले वाक्य लिहून ठेवणे, कपडे, डबा व मेट्रो कार्ड रात्रीच काढून ठेवणे आणि शक्य असल्यास गर्दीच्या आधीची गाडी पकडणे, हेही हिताचे.

तयारी म्हणजे माणसे टाळणे नव्हे. थकव्याऐवजी भीती वाटत असेल, छातीत धडधड होऊन कामावर जाणेच टळत असेल, तर तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. केंद्र सरकारची ‘टेलि मानस’ ही विनामूल्य सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे. तिच्या उभारणीत बंगळुरूच्याच ‘निम्हान्स’ संस्थेचा प्रमुख वाटा आहे.